अनेकान्ताचा सागरापार गेलेला दूत : वीरचंद राघवजी गांधी

भगवान महावीरांनी जगाला दिलेल्या शिकवणीत अहिंसा, अपरिग्रह आणि अनेकान्त या तीन तत्त्वांचे स्थान अनन्यसाधारण आहे. अहिंसेचे पालन श्रावकाच्या आहारात दिसते. अपरिग्रहाची साक्ष दानधर्मातून मिळते. अनेकान्ताचे पालन मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. वस्तूला अनंत धर्म आहेत, एका दृष्टीने पाहणाऱ्याला सत्याचा एकच अंश दिसतो, म्हणून दुसऱ्याच्या दृष्टीलाही स्थान द्यावे, हा सिद्धान्त प्रवचनात ऐकताना सर्वांनाच पटतो. त्याची खरी परीक्षा कलहाच्या प्रसंगी होते. समोरचा मनुष्य आपल्या तीर्थावर, आपल्या शेजाऱ्याच्या श्रद्धेवर किंवा प्रत्यक्ष आपल्यावर घाव घालत असताना हा सिद्धान्त कितपत आचरणात उतरतो, यावर त्याचे मोल ठरते.

ही परीक्षा आयुष्यात तीन वेळा तीन निरनिराळ्या रूपांत दिलेला एक श्रावक एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. वीरचंद राघवजी गांधी हे त्यांचे नाव. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु त्या परिषदेपूर्वी त्यांनी केलेले कार्य आणि परिषदेनंतर त्यांच्या वाट्याला आलेले भोग यांची ओळख त्या मानाने थोड्यांनाच आहे. छत्तीस वर्षांच्या अल्प आयुष्यात त्यांनी जे साधले, त्याचे स्मरण आजही तितकेच उद्बोधक आहे.

बालपण व शिक्षण

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील महुवा हे तत्कालीन भावनगर संस्थानातील एक संपन्न गाव. तेथील एका प्रतिष्ठित जैन व्यापारी कुटुंबात २५ ऑगस्ट १८६४ रोजी वीरचंदभाईंचा जन्म झाला. वडील राघवजीभाई धर्मनिष्ठ होते. तथापि जुन्या रूढी केवळ जुन्या आहेत म्हणून चालू ठेवाव्यात, असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. मुलाची बुद्धी पाहून त्यांनी त्याला पुढील शिक्षणासाठी भावनगरला ठेवले. १८८० साली वीरचंदभाई मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि उच्च शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. १८८४ साली त्यांनी बी.ए.ची पदवी संपादन केली. जैन समाजात व्यापाराची परंपरा मोठी असली, तरी त्या काळी इंग्रजी उच्च शिक्षण घेणारे तरुण फारच थोडे होते.

घरचे संस्कार किती खोल रुजले होते, याचे प्रत्यंतर १८९० साली आले. राघवजीभाईंचे निधन झाले, तेव्हा मृत्यूनंतर छाती पिटून आक्रोश करण्याची प्रचलित रूढी वीरचंदभाईंनी आपल्या घरात होऊ दिली नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या कुटुंबात अशा प्रदर्शनाला स्थान नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या काळात असा निर्णय घेणे म्हणजे नातलगांचा आणि ज्ञातीचा रोष ओढवून घेणे होते. तो त्यांनी शांतपणे पत्करला.

पहिली परीक्षा : तीर्थांचे वाद

मुंबईत स्थापन झालेल्या जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे मानद चिटणीस म्हणून १८८५ साली वीरचंदभाईंची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. या पदावर येताच एक अत्यंत नाजूक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तो होता श्री शत्रुंजय तीर्थाचा.

शत्रुंजय पर्वत त्या काळी पालिताणा संस्थानच्या हद्दीत येत असे. तेथे येणाऱ्या यात्रेकरूंवर कर बसवण्याच्या प्रश्नावरून पालिताण्याचे ठाकोर आणि जैन संघ यांच्यात दीर्घकाळ वितुष्ट होते. देवदर्शनाला जाणाऱ्या भाविकांची मोजदाद व्हावी, त्यांच्याकडून दरडोई रक्कम वसूल केली जावी, यात यात्रेकरूंना धनाच्या हानीपेक्षा मानाची हानी अधिक बोचत होती. दुसऱ्या बाजूला, आपल्या राज्यातील उत्पन्नावर आपला अधिकार आहे, असे संस्थानचे म्हणणे होते. मने इतकी दुखावली होती, की सामोपचाराची भाषा दोन्ही बाजूंना दुर्बलतेची वाटू लागली होती.

वीरचंदभाईंनी विवादाचे दोन भाग वेगळे केले. यात्रेकरूंचा मान आणि निर्वेध दर्शन हा पहिला, तर संस्थानचे उत्पन्न हा दुसरा. पहिल्या बाबतीत संघाने माघार घेणे शक्य नव्हते, दुसऱ्या बाबतीत मात्र देवाणघेवाणीला जागा होती. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठेवाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्याशी त्यांनी वारंवार विचारविनिमय केला. अखेर १८८६ साली समेट झाला. जैन संघाने संस्थानला दरवर्षी १५,००० रुपये एकत्रितपणे द्यावेत आणि यात्रेकरूंना व्यक्तिशः कोणताही कर पडू नये, असे ठरले. कराराची मुदत ४० वर्षांची होती.

या समेटात कोणाचाच पूर्ण विजय नव्हता. संघाला रक्कम द्यावी लागली आणि संस्थानला दरडोई वसुलीचा अधिकार सोडावा लागला. परंतु डोंगर चढणाऱ्या वृद्ध श्राविकेला पायथ्याशी थांबवून पैसे मागण्याचा प्रकार बंद झाला. १९२६ साली मुदत संपताच वाद पुन्हा उफाळला. जैन समाजाने यात्रेवर बहिष्कार घातला आणि १९२८ साली नवा करार होईपर्यंत तीर्थ यात्रेकरूंविना सुने राहिले. ती दोन वर्षे पाहिली म्हणजे वीरचंदभाईंनी मिळवून दिलेल्या चाळीस वर्षांच्या शांततेचे मूल्य ध्यानात येते.

दुसरा प्रसंग श्री सम्मेदशिखरजीचा. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या या पर्वतावर बॉडम नावाच्या एका युरोपीय गृहस्थाने १८९१ च्या सुमारास डुकरांची कत्तल करून चरबी काढण्याचा कारखाना उभारला. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही आम्नायांच्या भाविकांना या घटनेने तीव्र दुःख झाले. वीरचंदभाई कलकत्त्यास गेले. वादातील मूळ दस्तऐवज बंगालीत होते. भाषांतरावर विसंबून न राहता त्यांनी स्वतः बंगाली भाषा शिकून घेतली, कागदपत्रांचा अभ्यास केला आणि जैनांची बाजू मांडण्याची तयारी केली. शेवटी जैन समाजाला न्याय मिळाला आणि कारखाना बंद पडला.

समोरच्याचे म्हणणे खोडून काढावयाचे असले, तरी ते आधी त्याच्या भाषेत समजून घ्यावे, हा त्यांचा स्वभावच बनला होता. पुढे शिकागोत हाच स्वभाव त्यांच्या उपयोगी पडला.

याच सुमारास विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास करमचंद गांधी मुंबईत आपला जम बसवण्याचा प्रयत्न करीत होते. दोघे काठेवाडचे, दोघेही कायद्याचे अभ्यासक आणि दोघांनाही आहारशास्त्राची आवड. मुंबईतील त्या दिवसांत आहाराचे प्रयोग करताना वीरचंदभाईंची साथ मिळाल्याचा उल्लेख महात्माजींनी पुढे आपल्या आत्मकथेत केला आहे.

शिकागोचे निमंत्रण

१८९३ साली अमेरिकेतील शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरले. त्याला जोडून जगातील सर्व प्रमुख धर्मांच्या प्रतिनिधींची परिषद भरवावी, अशी कल्पना चार्ल्स बॉनी या कायदेपंडितांनी मांडली आणि रेव्हरंड जॉन हेन्री बॅरोज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती प्रत्यक्षात आणली. जैन धर्माच्या वतीने निमंत्रण आले ते प्रखर विद्वान आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना.

जैन साधूला पायी विहाराखेरीज दुसरा प्रवास वर्ज्य आहे. आचार्यश्रींनी समुद्र ओलांडणे संभवतच नव्हते. परंतु परिषदेची उपेक्षा करणेही त्यांना मान्य नव्हते. आपल्या धर्माबद्दल जगात गैरसमज पसरले असतील, तर त्याचा काही दोष मौन पाळणाऱ्यांकडेही जातो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी परिषदेसाठी जैन तत्त्वज्ञानाची मांडणी करणारे विस्तृत लेखन केले. पुढे ते शिकागो प्रश्नोत्तर या नावाने प्रसिद्ध झाले. प्रतिनिधी म्हणून त्यांनी वीरचंदभाईंची निवड केली. वीरचंदभाई पंजाबात आचार्यश्रींच्या सान्निध्यात राहिले, शंकासमाधान करून घेतले आणि मगच प्रवासाला निघाले.

निघण्यापूर्वीच विरोध सुरू झाला होता. समुद्रगमन हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. श्रावकाने म्लेंच्छ देशात जाऊन राहावे, तेथे अन्नपाण्याची शुद्धता कशी टिकावी, असे प्रश्न विचारले जात होते. हे प्रश्न विचारणारे सर्वच दुराग्रही होते असे मानणे योग्य होणार नाही. आचाराची शुद्धता हा ज्या समाजाचा प्राण आहे, त्याला अशी चिंता वाटणे स्वाभाविक होते. वीरचंदभाईंनी तिला वादाने उत्तर दिले नाही. परदेशातील वास्तव्यात त्यांनी शाकाहाराचे व्रत कसोशीने पाळले. त्यांचे उत्तर हेच होते.

दुसरी परीक्षा : शेजाऱ्याच्या श्रद्धेचे रक्षण

ते वर्ष भारतात सलोख्याचे नव्हते. १८९३ च्या जुलैमध्ये काठेवाडातील प्रभासपाटण येथे हिंदू-मुसलमानांत दंगल झाली. ११ ऑगस्टला मुंबईत तिचे पडसाद उमटले आणि काही दिवस शहर होरपळून निघाले. अनेकांचे प्राण गेले. ज्या काठेवाडात वीरचंदभाई जन्मले आणि ज्या मुंबईत ते घडले, तेथेच धर्माच्या नावाने रक्त सांडले होते. आणि त्यानंतर एका महिन्याने एका अपरिचित देशात, निरनिराळ्या धर्मांची माणसे एका व्यासपीठावर शांतपणे बसू शकतात याची साक्ष देण्यासाठी ते उभे होते.

११ सप्टेंबर १८९३ रोजी सकाळी दहा प्रमुख धर्मांच्या सन्मानार्थ घंटेचे दहा ठोके देऊन परिषदेला प्रारंभ झाला. त्या दहांत जैन धर्माचा समावेश होता. सुमारे चार हजार श्रोत्यांनी सभागृह भरून गेले होते. भारतातून आलेल्यांत स्वामी विवेकानंद होते, ब्राह्म समाजाचे प्रतापचंद्र मजुमदार आणि मुंबईचे बी. बी. नगरकर होते. सिंहलद्वीपाहून बौद्ध प्रतिनिधी अनागारिक धर्मपाल आले होते. अंगात लांब अंगरखा, खांद्यावर शाल आणि मस्तकी काठेवाडी पगडी अशा वेषातील एकोणतीस वर्षांचे वीरचंदभाई श्रोत्यांचे लक्ष वेधून घेत होते. परिषद २७ सप्टेंबरपर्यंत चालली. भाद्रपदातील ते दिवस इकडे भारतात पर्युषणाचे आणि दशलक्षण पर्वाचे होते. मंदिरा-मंदिरांतून क्षमेची आराधना चालू असताना एक श्रावक सातासमुद्रापार त्याच क्षमाधर्माचा परिचय करून देत होता.

परिषदेचे स्वरूप मात्र सर्वथा निर्मळ होते असे नाही. आयोजकांपैकी अनेकांच्या मनात, सर्व धर्मांचे पर्यवसान शेवटी ख्रिस्ती धर्मातच व्हावयाचे आहे, अशी श्रद्धा होती. परिषदेच्या अखेरच्या टप्प्यात जॉर्ज पेंटिकॉस्ट या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदुधर्मावर जहरी टीका केली. दक्षिणेतील मंदिरांतील देवदासींचा उल्लेख करून त्याने हिंदू उपासनापद्धतीवरच अनीतीचा आरोप ठेवला.

या टीकेत जैन धर्माचे नाव नव्हते. वीरचंदभाईंना स्वतःच्या धर्माची मांडणी करण्यासाठी मिळालेला वेळ मोजका होता. शांत राहिले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. उलट, हिंदूंवर टीका झाली पण जैनांवर झाली नाही, याचा लाभ उठवून आपल्या धर्माचे श्रेष्ठत्व सांगण्याचा मोह एखाद्याला झाला असता. त्यांनी मात्र २५ सप्टेंबरच्या आपल्या भाषणाच्या प्रारंभीच या टीकेला उत्तर देण्याचे ठरवले.

त्यांच्या उत्तराचा रोख अतिशय विचारपूर्वक होता. आपल्या समाजात अनिष्ट प्रथा नाहीत, असा खोटा दावा त्यांनी केला नाही. अशा प्रथा आहेत, परंतु त्या धर्मामुळे उत्पन्न झालेल्या नसून धर्म असतानाही राहून गेल्या आहेत आणि असे दोष प्रत्येक देशात आढळतात, हे त्यांनी स्पष्ट केले. हे व्यासपीठ परस्परांवर दोषारोप करण्यासाठी नाही, याची त्यांनी ठामपणे आठवण करून दिली. भारतात येऊन समाजाच्या एका कोपऱ्याचे निरीक्षण करावे आणि त्यावरून संपूर्ण धर्माचा निवाडा द्यावा, या पद्धतीतील उणीव त्यांनी दाखवली. त्यांच्या बोलण्यात उपरोध होता, तीक्ष्णता होती. परंतु ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर त्यांनी आघात केला नाही. टीकाकाराचे वर्तन त्याच्याच धर्माच्या भावनेला धरून नाही, एवढेच त्यांनी दाखवून दिले. एका धर्माच्या रक्षणासाठी दुसऱ्या धर्माचा अधिक्षेप करावा लागत नाही, हे या उत्तराने सिद्ध झाले.

त्यानंतर त्यांनी जैन तत्त्वज्ञानाची मांडणी केली. जीव आणि अजीव, कर्म आणि मोक्ष, पंचव्रते आणि नयवाद यांचे विवेचन त्यांनी पाश्चात्त्य श्रोत्याला समजेल अशा सोप्या भाषेत केले. जैन धर्म हा बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र आणि प्राचीन आहे, ही गोष्टही अनेक श्रोत्यांना तेथे प्रथमच कळली.

२७ सप्टेंबरच्या समारोपप्रसंगी निरोप घेताना त्यांनी हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टान्ताचा आधार घेतला. जैन परंपरेत अंधगजन्याय म्हणून तो प्रसिद्ध आहे. कोणाला पाय खांबासारखा लागला, कोणाला कान सुपासारखा, आणि प्रत्येकजण आपलेच खरे मानून भांडत बसला. सतरा दिवस ऐकलेल्या विविध मतांकडे त्या आंधळ्यांप्रमाणे न पाहता उदार दृष्टीने पाहावे, अशी विनंती त्यांनी केली. अनेकान्ताचा याहून समर्पक परिचय त्या सभेला दुसऱ्या कोणत्या रीतीने झाला असता, असे वाटत नाही.

परिषदेने रौप्यपदक देऊन त्यांचा गौरव केला.

धर्मसंवादातून लोकसेवा

परिषद संपली, पण वीरचंदभाई लगेच परतले नाहीत. शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांतून आणि पुढे इंग्लंडमध्येही त्यांनी व्याख्याने दिली. त्यांच्या चरित्रांत एकूण ५३५ व्याख्यानांची नोंद आढळते. ही व्याख्याने केवळ जैन धर्मावर नव्हती. वैदिक आणि बौद्ध तत्त्वज्ञान, योग, भारतीय समाजजीवन, भारतातील स्त्रियांची स्थिती, देशाची आर्थिक अवस्था असे अनेक विषय त्यांत येत. अमेरिकेत त्यांनी गांधी फिलॉसॉफिकल सोसायटी ही संस्था स्थापन केली आणि भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठीही एक मंडळ उभे केले.

लंडनमध्ये हर्बर्ट वॉरन हे इंग्रज गृहस्थ त्यांच्या सहवासात आले. त्यांनी मांसाहाराचा त्याग करून जैन आचार स्वीकारला. वीरचंदभाईंच्या व्याख्यानांची त्यांनी काढून ठेवलेली टिपणे पुढे त्यांच्या जैन धर्मविषयक इंग्रजी ग्रंथाचा पाया ठरली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की वीरचंदभाईंनी धर्मांतराची मोहीम कधी काढली नाही. ख्रिस्ती मनुष्य अधिक चांगला ख्रिस्ती व्हावा, त्याच्या करुणेची कक्षा पशुपक्ष्यांपर्यंत विस्तारावी, इतकीच त्यांची अपेक्षा असे.

१८९६-९७ साली भारतात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा वीरचंदभाई पुन्हा अमेरिकेत होते. त्यांनी दुष्काळग्रस्तांसाठी मदतीचे आवाहन केले. धर्मपरिषदेचे प्रवर्तक चार्ल्स बॉनी या कार्यात त्यांच्यासोबत होते. या प्रयत्नांतून मक्याने भरलेले जहाज कलकत्त्यास आले आणि सुमारे ४०,००० रुपयांचा निधीही पाठवण्यात आला. चार वर्षांपूर्वी व्यासपीठावर जुळलेल्या स्नेहाचे फळ भुकेल्यांच्या ताटात पडले. धर्माधर्मांतील संवाद म्हणजे विद्वानांचा वाग्विलास, असे म्हणणाऱ्यांना यापरते उत्तर नाही.

तिसरी परीक्षा : स्वजनांचा रोष

परक्यांशी संवाद साधणे एक वेळ सोपे असते, स्वजनांशी साधणे फार कठीण. वीरचंदभाई परदेशात धर्माची ध्वजा उंच धरीत असताना इकडे काही मंडळी त्यांना संघाबाहेर घालण्याच्या खटपटीत होती. स्वामी विवेकानंदांनी १८९४ साली अमेरिकेतून जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांना पाठवलेल्या पत्रात या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आहे. कडाक्याच्या थंडीतही निव्वळ शाकाहारावर राहून हा जैन गृहस्थ आपल्या देशाची आणि धर्माची बाजू निष्ठेने मांडतो आहे, तेथील लोकांना तो प्रिय झाला आहे, आणि त्याला पाठवणारे मात्र त्याला बहिष्कृत करू पाहत आहेत, अशा आशयाचा तो मजकूर आहे. एका हिंदू संन्याशाने जैन श्रावकाची केलेली ही पाठराखण म्हणजे, हिंदुधर्मावरील टीकेला त्या श्रावकाने दिलेल्या उत्तराची परतफेडच म्हणावी लागेल.

१८९५ साली वीरचंदभाई मुंबईस परतले, तेव्हा एका बाजूला स्वागत झाले, तर दुसऱ्या बाजूला विरोधाचे वादळ उठले. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे होते. धर्माच्या रक्षणार्थ केलेल्या प्रवासाने धर्म बुडत नाही, ही त्यांची भूमिका होती. परंतु वृद्ध आचार्य दूर पंजाबात होते आणि १८९६ साली ते कालधर्म पावले.

वीरचंदभाईंना दोन मार्ग मोकळे होते. विरोधकांना मागास ठरवून, संघाशी नाते तोडून, मानाने परदेशी राहणे हा एक. क्षमा मागून परदेशगमनाचे कार्य कायमचे सोडणे हा दुसरा. त्यांनी दोन्ही नाकारले. ते मुंबईतच राहिले. जैन आणि जैनेतर संस्थांत त्यांनी व्याख्याने दिली, परदेशात काय पाहिले, काय सांगितले, आचार कसा पाळला, हे लोकांपुढे उघडपणे ठेवले. धर्माच्या पद्धतशीर अध्ययनासाठी त्यांनी हेमचंद्राचार्य अभ्यासवर्ग सुरू केला. त्याच वर्षी पुण्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनातही ते मुंबईच्या वतीने उपस्थित राहिले. विरोध करणाऱ्यांविषयी त्यांनी मनात कटुता धरली नाही. पालिताण्याच्या ठाकोरांचे म्हणणे ज्याने शांतपणे ऐकून घेतले, त्याने स्वतःच्या संघाचे म्हणणेही तसेच ऐकून घेतले.

१८९६ साली ते पत्नी आणि मुलासह पुन्हा अमेरिकेस गेले. तिसरा प्रवासही त्यानंतर घडला. प्रवास, व्याख्याने आणि तीर्थांची कायदेशीर कामे या अविश्रांत श्रमांचा प्रकृतीवर परिणाम होणे अटळ होते. १९०१ च्या जुलैमध्ये ते रुग्णावस्थेत मायदेशी परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांची जीवनज्योत मालवली. सदतीसावा वाढदिवस अवघ्या अठरा दिवसांवर आला होता.

स्मृती आणि वारसा

त्यांच्या निधनानंतर त्यांची व्याख्याने जैन फिलॉसॉफी, योग फिलॉसॉफी आणि कर्म फिलॉसॉफी या नावांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु नंतर दीर्घकाळ समाजाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. १९९३ साली शिकागोत सर्वधर्मपरिषदेची शताब्दी साजरी झाली, तेव्हा देशोदेशीच्या जैनांनी तीत भाग घेतला आणि त्यांच्या पहिल्या प्रतिनिधीचे नाव पुन्हा आदराने घेतले जाऊ लागले. २००२ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अमेरिकेत आज जैन मंदिरे उभी आहेत, पाठशाळा चालतात. ज्या काळी तेथे जैन हा शब्दही अपरिचित होता, त्या काळी पहिले पाऊल एका एकाकी श्रावकाने टाकले होते. २०२३ साली ही परिषद पुन्हा शिकागोत भरली.

वीरचंदभाईंचे चरित्र वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांनी तिन्ही कलहांत आपली बाजू सोडली नाही. तीर्थाचा मान, धर्माचे स्वातंत्र्य आणि परदेशगमनाचा आपला निर्णय या तिन्ही बाबतींत ते ठाम राहिले. अनेकान्त म्हणजे सर्वांच्या होकारात होकार मिसळणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. परंतु आपली बाजू मांडताना समोरच्याला परतीची वाट त्यांनी नेहमी मोकळी ठेवली. म्हणूनच ठाकोरांशी समेट झाला, ख्रिस्ती श्रोते मित्र झाले आणि ज्या समाजातील काहींना ते नकोसे झाले होते, तोच समाज आज त्यांच्या पुतळ्याला हार घालतो.

आपल्या गावागावांतून आजही लहानमोठे वाद उभे राहतात. कोठे मंदिराच्या वहिवाटीचा प्रश्न असतो, कोठे आम्नायांतील मतभेद असतात, कोठे शेजारच्या समाजाशी मिरवणुकीच्या वाटेवरून बोलाचाली होते. संवत्सरीला आणि क्षमावाणीच्या दिवशी हात जोडून क्षमा मागितली जाते. ती क्षमा दुसऱ्या दिवशीच्या बैठकीतही टिकली, तर वीरचंदभाईंनी अनेकान्ताची जी वाट चालून दाखवली, तिच्यावर समाजाने एक पाऊल टाकले असे म्हणता येईल. या थोर श्रावकाच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.